नैराश्यात ध्येय कसं ठरवावं? सुरुवात एका पातेल्यापासून

माझ्या आजारपणातलं पहिलं ध्येय होतं चहाचं पातेलं घासणं. तळाशी चहापत्ती वाळून कडक झालेलं ते पातेलं तीन दिवस सिंकमध्ये पडून होतं. मी त्याच्याकडे बघायचे आणि परत जाऊन आडवी व्हायचे. त्याच आठवड्यात वहीत लिहिलं होतं: आनंदी राहायचं, पुन्हा पहिल्यासारखं व्हायचं, सगळ्यांशी नीट वागायचं. समुपदेशक बाईंनी ती पानं वाचली आणि विचारलं, "यातलं आज संध्याकाळी सहाच्या आत काय होऊ शकेल?" काहीच नाही. मग पातेलं ठरलं.

घरात कुणाला नैराश्य आलं की आपण मायेनंच म्हणतो, "समोर काहीतरी ध्येय ठेव, मन रमव." सल्ला चुकीचा नाही. पण ध्येय केवढं असावं, ते कसं ठरवावं, हे कुणी सांगत नाही. मग माणूस डोंगराएवढं काहीतरी ठरवतो, ते हुकतं आणि तो आणखी खचतो. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी डॉक्टर

उदास सगळ्यांनाच वाटतं. पण दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ, जवळजवळ रोज, दिवसाचा बराच वेळ मन खिन्न असेल किंवा आवडीच्या गोष्टींतही जीव रमत नसेल, जोडीला झोप-भूक बिघडली असेल, हातपाय गळाल्यासारखे वाटत असतील, आपण कुणाच्या उपयोगाचे नाही असं सारखं मनात येत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. थायरॉइडच्या त्रासात किंवा रक्त कमी असतानाही असा थकवा येतो, म्हणून ते रक्त तपासायला सांगतील. गोळ्या दिल्या तर गुण दिसायला काही आठवडे लागतात. बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं त्या बंद करू नका. ध्येयांची वही उपचारांच्या जोडीला आहे, त्यांच्या जागी नाही.

आणि जगणंच नकोसं वाटत असेल, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येत असेल, तर हा लेख बाजूला ठेवा. जवळच्या माणसाला आत्ता सांगा, एकटे राहू नका, आणि १४४१६ वर फोन करा. 'टेली मानस' ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. ती मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीतून बोलता येतं.

मन लागायची वाट बघू नका

"जरा बरं वाटलं की फिरायला जाईन," असं आपण म्हणतो. नैराश्यात हा क्रम उलटा करावा लागतो. आजारात माणूस एकेक गोष्ट सोडत जातो. आधी भिशी सुटते, मग फोन उचलणं, मग अंघोळ. त्या प्रत्येक गोष्टीतून मिळणारं थोडंसं समाधानही तिच्याबरोबर जातं. मन आणखी खाली जातं, म्हणून आणखी काही सुटतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ पीटर लेविनसन यांनी १९७० च्या दशकात हे चक्र मांडलं. त्यातून पुढे आलेली उपचारपद्धत सांगते, की आधी हातून थोडं काही होऊ द्या, मन मागून येतं.

याचा चांगला पुरावा आपल्या शेजारी गोव्यातच आहे. 'संगत' या संस्थेनं तिथल्या १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याची तीव्र लक्षणं असलेल्या ४९५ जणांबरोबर ही पद्धत तपासली. रुग्णांशी बोलणारे डॉक्टर नव्हते, तर प्रशिक्षण घेतलेली गावातली सामान्य माणसं होती. भेटी सहा ते आठ. तीन महिन्यांनी लक्षणं आटोक्यात आलेल्यांचं प्रमाण या गटात शंभरात ६४ होतं, तर केंद्रातले नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ३९. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. हे वाचलं तेव्हा मला फार धीर आला होता.

पहिली पायरी: आठवडाभर नुसती नोंद

काही बदलायचं नाही. दर दोन तासांनी काय केलं आणि मन कसं होतं, शून्य ते दहात किती, एवढंच लिहा. माझ्या एका दिवसाची नोंद अशी होती: 'सकाळी ८ ते १०, अंथरुणात, १. दुपारी २ ते ४, मोबाईल, १. साडेचारला जिन्यात शेजारच्या काकू भेटल्या, पाच मिनिटं बोललो, ३.' तो एक आणि तीनमधला फरक मला वहीत लिहिला नसता तर दिसलाच नसता. नैराश्यात स्मरणशक्ती सगळा दिवस एकाच काळ्या रंगात रंगवते, कागद तसं करत नाही. आठवड्याच्या शेवटी जिथे आकडा थोडा वर गेला तिथे खूण करा. बऱ्याच जणांची सकाळ सर्वांत जड असते. तुमचंही तसं असेल तर कामं दुपारनंतर ठेवा.

दुसरी पायरी: दिशा ठरवा

यात फार वेळ घालवू नका. आपल्याला कशाचं मोल वाटतं ते तीन-चार शब्दांत लिहा: मुलं, तब्येत, गाणं, शेती, देवपूजा, काहीही. ही दिशा झाली. ती कधी 'पूर्ण' होत नाही, म्हणून तिच्यावर बरोबरची खूण करता येत नाही.

तिसरी पायरी: ध्येय बारीक करा

सगळं इथेच अडतं. लिव्हरपूल विद्यापीठातल्या जोआन डिक्सन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नैराश्य असलेल्या आणि नसलेल्या लोकांना आपापली ध्येयं लिहायला सांगितली होती. नैराश्य असलेल्यांनी ध्येयं कमी लिहिली नाहीत, पण ती जास्त मोघम होती. 'आनंदी राहायचं' याचं चित्र डोळ्यांसमोर येत नाही, आणि जे दिसत नाही ते करायला घेणं अवघड.

म्हणून तासत जा. 'तब्येत सुधारायची' हे मोघम. 'रोज चालायला जायचं' हे थोडं बरं, पण अजून मोठं. 'संध्याकाळी साडेपाचला चप्पल घालून सोसायटीच्या गेटपर्यंत जाऊन यायचं' हे जमण्यासारखं. आता स्वतःला विचारा: गेल्या आठवड्यातल्या सर्वांत वाईट दिवशी हे माझ्याच्यानं झालं असतं का? नाही म्हणालात तर अर्धं करा. मग फक्त जिना उतरायचा. चांगल्या दिवसाच्या मापानं ध्येय बेतू नका.

ध्येय काय करायचं ते सांगणारं हवं. 'दिवसभर लोळायचं नाही' याऐवजी 'दहा वाजता खिडकीजवळच्या खुर्चीत बसून चहा घ्यायचा' असं लिहा. ते आपल्या हातातलंही हवं. 'मुलीनं फोन करावा' हे तिच्या हातात आहे. 'रविवारी अकरा वाजता मी मुलीला फोन करीन' हे माझ्या.

आठवड्याला दोन किंवा तीन पुरे. एक कामाचं, एक आवडीचं, आणि जमलं तर एक माणसांशी जोडणारं. नुसती कर्तव्यं लिहिलीत तर वही नकोशी होते. मी आवडीचं म्हणून मोगऱ्याची कुंडी घेतली होती.

चौथी पायरी: खुंटीला अडकवा

'सवड मिळाली की करू' म्हटलेलं काम होत नाही. ते रोजच्या एखाद्या ठरलेल्या गोष्टीला जोडा: सकाळची गोळी घेतली की मोगऱ्याला तांब्याभर पाणी. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवलं आहे, की 'अमुक झालं की मी तमुक करीन' असं आधीच ठरवलेलं काम पार पडण्याची शक्यता वाढते. नैराश्यात निर्णय घेणंच सर्वांत जड असतं, आणि इथे तो आधीच घेतलेला असतो.

झालं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर खूण करा. मनाला बरं वाटलं का, ते लगेच विचारू नका. पहिले काही दिवस खूण होईल आणि बरं मात्र वाटणार नाही. तसंच होतं.

हुकलं तर

हुकेल. त्या दिवसापुढे कारण लिहा, दोष नको: 'रात्री झोप नव्हती', 'पाहुणे आले', 'फार मोठं ठरवलं होतं'. कालचं आणि आजचं मिळून दुप्पट करायला जाऊ नका. सलग तीन दिवस हुकलं तर ते ध्येय अर्धं करा किंवा बदला.

घरच्यांसाठी

"आज केलंस का?" हा प्रश्न हजेरीसारखा बोचतो. त्यापेक्षा "मी गेटपर्यंत चाललेय, येतेस?" असं म्हणा. माझी थोरली बहीण रोज संध्याकाळी काही न विचारता माझी चप्पल दारात सरळ करून ठेवायची.

कधी वाढवायचं

दोन आठवडे बहुतेक दिवशी खूण होत असेल तर थोडं वाढवा, आणि एका वेळी एकच गोष्ट. गेटनंतर कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान. बरं वाटू लागल्यावर आपण उत्साहात एकदम सगळंच हाती घेतो, तेव्हा विशेष जपा.

बरं झाल्यावरही वही टाकू नका. शेवटच्या पानावर आपल्या धोक्याच्या खुणा लिहून ठेवा. माझ्या पानावर पहिली खूण आहे: पातेलं दोन दिवस सिंकमध्ये. तसं झालं की मी ताईला सांगते आणि डॉक्टरांची वेळ घेते.