दोलामुद्रित म्हणजे नुसतं जुनं पुस्तक नव्हे : या चुका टाळा

पहिली चूक उच्चाराची. 'डोलामुद्रित' नव्हे, द दौतीतला. दोला म्हणजे झोका, पाळणा. छपाईची कला पाळण्यात होती तेव्हाचं छापील पुस्तक ते दोलामुद्रित. कल्पना मूळची लॅटिन : 'इन्क्युनाब्युला' म्हणजे तान्ह्याला गुंडाळायची दुपटी-बाळोती, त्यावरून पाळणा आणि आरंभकाळ. १६४० मध्ये बर्नहार्ड फॉन मालिंक्रोट यानं छपाईवर लिहिताना तो शब्द त्या कलेच्या बाळपणाला लावला आणि १५०० सालाशी रेघ ओढली. पुढे काळाचं नाव पुस्तकांनाच चिकटलं.

हीच रेघ मराठीला लावली की हाती शून्य! गुटेनबर्गचं बायबल १४५५ च्या आसपासचं. मिशनरी विल्यम केरीचं मराठी व्याकरण छापलं गेलं १८०५ साली, श्रीरामपूरला (बंगालमधलं, नगरचं नव्हे). म्हणून आपली रेघ सर्वसाधारणपणे १८६७ ची. त्या वर्षी पुस्तकांच्या नोंदणीचा कायदा आला आणि काय छापलं जातंय याची सरकारदरबारी यादी होऊ लागली. 'क्रिस्तपुराण' हे मराठी काव्य त्याआधीचं, १६१६ चं, गोव्यातल्या राचोलचं, पण ते रोमन लिपीत, आणि पहिल्या आवृत्तीची एकही प्रत आज ज्ञात नाही.

माळ्यावर पोथी सापडली की हमखास फसगत होते ती शिळाछापामुळे, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईमुळे. त्यात अक्षर लेखनिकाच्याच हातचं, पानं सुटी, आडवी. कुणीही हस्तलिखित म्हणेल. मीही म्हणालो होतो. मग खिडकीपाशी नेऊन बघितलं. बोरूनं लिहिताना शाईत बुडवल्यावर अक्षर गडद उमटतं, चार शब्दांनी फिकं होतं, पुन्हा गडद. इथे पानभर काळेपणा एकसारखा. शेवटचं पान उलटलं तर छापखान्याचं नावही होतं. मुखपृष्ठ शोधत बसू नका, आधी शेवट वाचा.

तिथे साल बहुधा शके असतं. सगळेच डोळे मिटून ७८ मिळवतात. शके १७८९, प्रभवनाम संवत्सर, म्हणजे १८६७ हे बरोबर. पण शक चैत्रात बदलतो. महिना मार्गशीर्ष असेल तर पुस्तक रेघेच्या आत. माघ किंवा फाल्गुन असेल तर ७९ मिळवायचे, आणि पुस्तक गेलं १८६८ मध्ये. पौष असेल तर तिथीही बघावी लागते.