लघुग्रह शोधायचाय? दुर्बीण नको, लॅपटॉप आण

आधी एक सांगतो, गच्चीवर जागायची गरज नाही. हवाईतल्या पॅन-स्टार्स दुर्बिणीने काढलेले फोटो आयएएससी नावाची संस्था शाळा-कॉलेजच्या टीम्सना फुकट देते, फक्त टीम करून त्यांच्या मोहिमेत नाव नोंदवायचं.

मग ॲस्ट्रोमेट्रिका हे सॉफ्टवेअर टाका, विंडोजवरच चालतं. आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने काढलेले चार फोटो येतात, ते उघडून ब्लिंक करायचे म्हणजे एकामागोमाग एक फिरवत ठेवायचे, तारे जागेवर राहतात आणि एखादा ठिपका सरळ रेषेत सारख्या वेगाने सरकताना दिसला की थांबायचं, तो लघुग्रह असू शकतो. चारही फोटोत तेज साधारण सारखं हवं. एकाच फोटोत चमकून गायब झाला तर तो कॅमेऱ्याचा कचरा, उगाच नाचू नका! ठिपका आधीच माहीत असलेला आहे का तेही तिथेच तपासा, बहुतेक वेळा असतोच.

नवीन वाटला तर चारही जागा मोजून रिपोर्ट पाठवायचा. पण लगेच नाव ठेवायला मिळत नाही हां, कक्षा पक्की व्हायला कित्येक वर्षं जातात.

बरेचसे ठिपके मंगळ-गुरूमधल्या पट्ट्यातले निघतात, पृथ्वीजवळचे क्वचित, आणि ते बहुधा जास्त वेगात सरकतात म्हणून लांब रेघेसारखं काही दिसलं तर सोडू नका. २०२० मध्ये सुरतच्या दहावीतल्या दोन मुलींना असंच फोटो चाळताना एचएलव्ही२५१४ हा लघुग्रह सापडला होता.