ऑनलाइन नाणे-लिलावात बोली मागे घ्यायची वेळ आणणाऱ्या या चुका टाळा

सगळ्यात साधी आणि सगळ्यात महागात जाणारी चूक म्हणजे एक शून्य जास्त पडणं. समजा, बडोदा संस्थानचा, सयाजीराव महाराजांचं मुखचित्र असलेला चांदीचा रुपया लिलावात आहे. तुमची कमाल बोली ८,५०० आणि टाइप झालं ८५,०००. स्क्रीनवर मात्र भाव ४,२००च दिसतो. प्रॉक्सी बोलीत, म्हणजे मंच तुमच्या वतीने कमाल रकमेपर्यंत आपोआप बोली वाढवतो तेव्हा, ती रक्कम झाकलेली असते आणि भाव दुसऱ्या क्रमांकाच्या बोलीच्या फक्त एक टप्पा वर चढतो, त्यामुळे चूक तासन्‌तास लक्षात येत नाही. बोली लावल्या लावल्या भाव नव्हे, आपल्या खात्यात नोंदलेली कमाल रक्कम वाचा. नंतर कमी आकडा टाकून ती खाली येईल या भरवशावर राहू नका.

ईबेवर अशा वेळी बोली मागे घेऊन लगेच बरोबर रकमेची लावायची असते, पण त्यालाही घड्याळ आहे. लिलाव संपायला १२ तासांहून जास्त वेळ असेल तर त्या वस्तूवरच्या तुमच्या सगळ्या बोली निघतात. शेवटच्या १२ तासांत फक्त शेवटची बोली निघते, तीही लावल्यापासून एका तासाच्या आत. कारणंही मोजकीच चालतात: आकडा चुकला, वर्णनात मोठा बदल झाला किंवा विक्रेत्याशी संपर्कच होत नाही. ‘आता नको वाटतंय’ हे त्यात बसत नाही.

भारतीय लिलावगृहांचा मामला वेगळा. माल विक्री अधिनियम, १९३०च्या कलम ६४प्रमाणे हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते. पण खातं उघडताना आपण न वाचता मान्य केलेल्या अटींत ‘लावलेली बोली मागे घेता येणार नाही’ असं बहुधा असतंच. तेव्हा कलमाच्या जोरावर भांडण्यापेक्षा लॉट (लिलावातली ती वस्तू) पुकारला जाण्याआधी फोन करा आणि लगेच ईमेलही पाठवा. त्यात लॉट क्रमांक, बोलीदार क्रमांक, चुकीची व बरोबर रक्कम आणि स्क्रीनशॉट असू द्या. गप्प बसून नंतर पैसेच न भरणं सगळ्यात वाईट. खातं बंद होऊ शकतं.

बाकीच्या चुका बोलीच्या आधीच्या. नाण्यावर ‘संवत् १९४९’ असतं आणि घाईत तो इसवी सन समजला जातो. ते विक्रम संवत् असतं आणि बडोद्यात ते दिवाळीनंतर बदलतं. ते साल १८९२-९३. दुसरी गोम कडेला असते. या रुपयांना कडी लावून दागिने करत. कडी काढली तरी डाखाची खूण राहते आणि समोरून काढलेल्या फोटोत ती दिसत नाही. कडेचा फोटो आणि वजन आधी मागवा, वर्णनाचा स्क्रीनशॉट ठेवा. बायर्स प्रीमियम (बोलीवर लिलावगृह घेतं ते जादा शुल्क) आणि जीएसटीही कमाल रक्कम ठरवतानाच धरा.

कधी दुसऱ्याने मागे घेतलेली बोलीही तुम्हाला नडते. तुमची कमाल ६,०००, भाव ३,१००. कुणी १०,००० लावतो, भाव ६,०००च्या वर जातो, तो बोली मागे घेतो आणि भाव परत ३,१००वर येतो. तुमची मर्यादा मात्र आता उघडी पडली. मग दुसऱ्या खात्यावरून ५,९००ची बोली आली की तुम्ही जिंकता, पण जवळपास पूर्ण ६,०००ला. बोलींच्या इतिहासात असं काही दिसलं तर मंचाकडे तक्रार करा आणि नाणं सोडून द्या. ईबेवर खरी कमाल बोली शेवटच्या काही सेकंदांत लावली तर हा डाव खेळायला वेळच उरत नाही. शेवटच्या क्षणी बोली आली की वेळ वाढवणाऱ्या लिलावगृहांत मात्र ही युक्ती चालत नाही. विक्रेत्यानेच भाव चढवायला खोटी बोली लावली असेल, तर त्याच कलम ६४खाली खरेदीदाराला व्यवहार रद्द करता येतो. त्यासाठी बोलींचा इतिहास लिलाव संपताच उतरवून ठेवा.