उपग्रहाचा नाहीतर मालवाहू यानाचा लॉन्चपासून शेवटपर्यंतचा इतिहास कसा काढायचा

एखादा उपग्रह कधी उडाला, कुठल्या कक्षेत गेला, नंतर त्याचं काय झालं हे शोधायला बसलं की आपण आधी नाव टाकून सर्च करतो आणि तिथंच गाडी चुकते. नाव नका धरू, नंबर धरा. मी सुरुवातीला एका प्रोग्रेस यानाच्या (हे रशियाचं मालवाहू यान) नोंदीत दुसऱ्याच यानाच्या तारखा लिहून बसलो होतो, कारण रशिया ज्याला प्रोग्रेस एम-27एम म्हणतो त्यालाच नासा 59पी म्हणते. नासाची मोजणी फक्त आंतरराष्ट्रीय स्पेस स्टेशनकडे गेलेल्या प्रोग्रेसची, ऑगस्ट 2000 च्या प्रोग्रेस एम1-3 पासून सुरू होणारी, आणि प्रोग्रेस तर 20 जानेवारी 1978 पासून उडतायत, पहिलं साल्युत 6 या जुन्या सोव्हिएत स्पेस स्टेशनकडे गेलं. त्यात परत 1985 ला साल्युत 7 कडे प्रोग्रेस जातीचंच एक यान गेलं पण जाहीर नाव काय, तर कॉसमॉस 1669. आता नावाने शोधणाऱ्याला हे सापडणार कसं?

तर नंबर दोन असतात आणि दोन्ही लिहून घ्यायचे. पहिला आंतरराष्ट्रीय क्रमांक, त्यात वर्ष, त्या वर्षातल्या लॉन्चचा नंबर आणि शेवटी तुकड्याचं अक्षर. आर्यभट्टचा आहे 1975-033ए, म्हणजे 1975 सालातला 33 वा लॉन्च, ए म्हणजे बहुतेक वेळा मुख्य उपग्रह, बाकीची अक्षरं रॉकेटचा वरचा टप्पा, झाकणं, सोबत गेलेले छोटे उपग्रह वगैरे. पण बहुतेक वेळाच हां. स्पुटनिक 1 स्वतः 1957-001बी आहे आणि ए अक्षर त्याच्या रॉकेटला मिळालंय. दुसरा नंबर कक्षेतल्या वस्तूंच्या अमेरिकन कॅटलॉगचा, तो सरळ मोजत जातो, स्पुटनिकच्या रॉकेटचा नंबर 1, खुद्द स्पुटनिकचा नंबर 2, आणि स्पेस स्टेशनचा 25544.

इथं एक खड्डा आहे तो आधीच सांगतो. स्टेशनमधून सोडलेल्या क्यूबसॅटना, म्हणजे छोट्या ठोकळ्यासारख्या उपग्रहांना, स्टेशनचाच लॉन्च नंबर मिळतो, 1998-067 आणि पुढे अक्षरं, कारण स्टेशनचा पहिला भाग झार्या 20 नोव्हेंबर 1998 ला उडाला होता. त्यामुळे कालपरवा बनलेला उपग्रह यादीत 1998 चा दिसतो. अशा उपग्रहाचा इतिहास दोन भागात लिहायचा, आधी तो कुठल्या मालवाहू यानातून सामान म्हणून वर गेला, मग स्टेशनमधून कधी सोडला. दुसरा भाग लिहून पहिला विसरणारे खूप जण आहेत, मला ते फार खटकतं, कारण लॉन्चची खरी तारीख त्या पहिल्या भागातच असते.

आणि यान कक्षेत पोचलंच नाही तर नेहमीच्या यादीत ते नसतंच. 24 ऑगस्ट 2011 चं प्रोग्रेस एम-12एम, ऑक्टोबर 2014 ची सिग्नसची फेरी, 28 जून 2015 चं ड्रॅगन (ही दोन्ही अमेरिकन मालवाहू यानं), यांना कक्षेचा नंबर नाही. यादीत नाही म्हणजे उडालंच नाही असं धरून चालू नका. अशा फसलेल्या लॉन्चसाठी सगळ्या लॉन्चची नोंद ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांचा कॅटलॉग बघा, त्यात ते वेगळे मांडलेले असतात.

मग तारखा. सगळ्या तारखा यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच धरलेल्या प्रमाणवेळेत, लिहायच्या, एकही अपवाद नको. जपानचं पहिलं एचटीव्ही मालवाहू यान तिथल्या घड्याळाने 11 सप्टेंबर 2009 ला रात्री दोन वाजता उडालं, यूटीसीने ती 10 सप्टेंबरची संध्याकाळ होती, दोन्ही तारखा छापलेल्या सापडतात आणि दोन्ही बरोबर आहेत. मालवाहू यानाला किमान पाच रकाने ठेवा: लॉन्च, जोडणी, सुटणी, कक्षेतून उतरवायचं इंजिन कधी चालवलं, आणि वातावरणात शिरलं कधी. युरोपचं ज्यूल व्हर्न हे मालवाहू यान घ्या, 9 मार्च 2008 ला लॉन्च, 3 एप्रिलला जोडणी, 5 सप्टेंबरला सुटलं आणि 29 सप्टेंबरला जळालं. लॉन्च आणि जोडणीत पंचवीस दिवस का गेले, तर मध्ये स्टेशनला एंडेव्हर शटल आलेलं होतं ते जाईपर्यंत थांबायचं होतं आणि हे नवीन यान असल्यामुळे चाचण्याही होत्या. याउलट नोव्हेंबर 2022 ला चीनचं तियानझोऊ 5 साधारण दोन तासातच जोडलं गेलं. दोन तारखांमधली गॅप दिसली की कारण शोधा, बऱ्याचदा खरी गोष्ट तिथंच सापडते.

आता कक्षेचा इतिहास, मला सगळ्यात आवडणारा भाग. स्पेस-ट्रॅक या वेबसाइटवर फुकट अकाउंट काढलं की कॅटलॉग नंबर टाकून त्या वस्तूचे जुने टीएलई मिळतात, ताजे हवे असतील तर सेलेसट्रॅक या साइटवर आहेत. टीएलई म्हणजे ठराविक वेळची कक्षा सांगणाऱ्या 69 अक्षरांच्या दोन ओळी, बघून घाबरू नका, सुरुवातीला चारच गोष्टी वाचायच्या. पहिल्या ओळीत वेळ असते, 22045.5 असं लिहिलं असेल तर 2022 चा 45 वा दिवस, म्हणजे 14 फेब्रुवारी दुपारी बारा यूटीसी, आणि पहिले दोन आकडे 57 ते 99 असतील तर साल 1900 मधलं समजायचं. दुसऱ्या ओळीत कक्षेचा कल (विषुववृत्ताशी किती अंशांचा कोन), कक्षा किती लांबट आहे तो आकडा, त्याच्या आधीचा दशांश चिन्ह लिहिलेला नसतो तो आपण धरायचा, आणि दिवसात किती फेऱ्या होतात ते.

फेऱ्यांवरून उंची काढायला फेऱ्यांच्या आकड्याचा दोन-तृतीयांश घात घ्या, त्याने 42241 ला भागा आणि 6378 वजा करा. 15.5 फेऱ्या असतील तर 6795 येतात, वजा करून साधारण 417 किलोमीटर, म्हणजे स्टेशनची उंची. कक्षा लांबट असेल तर तो 6795 सारखा आकडा एक वजा लांबटपणाने गुणून 6378 वजा केले की सगळ्यात खालचा बिंदू मिळतो, एक अधिकने गुणलं की वरचा.

हे रोजच्या रोज काढून ग्राफ केला की यान काय करत होतं ते दिसायला लागतं. स्टेशनची उंची हळूहळू उतरते आणि मग एकदम वर जाते, करवतीच्या दातांसारखं, तो चढ म्हणजे इंजिन चालवून स्टेशन वर ढकललं, आणि हे काम बऱ्याचदा जोडलेलं प्रोग्रेसच करतं. म्हणून जोडलेल्या काळातली कक्षा स्टेशनची आहे हे नोंदीत स्पष्ट लिहा. उतार अचानक तीव्र झाला तर सूर्याकडे बघा, सौर वादळात वरचं वातावरण फुगतं आणि घर्षण वाढतं, 3 फेब्रुवारी 2022 ला सोडलेल्या 49 स्टारलिंक उपग्रहांमधले बहुतेक असेच गेले. पण एका लॉन्चमध्ये खूप उपग्रह असतील, जसे भारताच्या पीएसएलव्ही-सी37 रॉकेटचे 104, तर पहिल्या काही आठवड्यातल्या उड्यांवर विश्वास ठेवू नका, कुठला नंबर कुठल्या उपग्रहाचा हे तोवर पक्कं झालेलं नसतं आणि लेबलं अदलाबदल होतात.

सरावाला प्रोग्रेस एम-27एम घ्या, त्याचा इतिहास दहाच दिवसांचा आहे. 28 एप्रिल 2015 ला बैकोनूरहून उडालं, तिसऱ्या टप्प्यापासून वेगळं होताना बिघाड झाला, यान गरगरत राहिलं, स्टेशनपर्यंत पोचलंच नाही आणि 8 मेला वातावरणात शिरलं. त्याचे टीएलई ओळीने लावले की फेऱ्यांचा आकडा रोज चढताना, म्हणजे उंची रोज घटताना दिसते आणि मध्ये कुठेही इंजिन चालवल्याची पायरी नाही. जोडणी, सुटणी आणि इंजिनाचा रकाना तिन्ही रिकामे राहतात, ते तसेच रिकामे ठेवा, अंदाजाने भरू नका. ड्रॅगन मात्र जळत नाही, पॅराशूटने समुद्रात उतरतं, तिथं शेवटच्या रकान्यात उतरल्याची वेळ लिहायची. आणि व्हॅनगार्ड 1 या जुन्या अमेरिकन उपग्रहाची नोंद करत असाल तर 17 मार्च 1958 चा लॉन्च आणि कॅटलॉग नंबर 5 लिहा, शेवटचा रकाना मोकळा सोडा, ते अजून वर फिरतंय.