गिनीपिग पाळताय? मग बेडिंग निवडतानाच बागेचा विचार करा

दोन गिनीपिग घरात असले की दर आठवड्याला मोठी पिशवी भरून बेडिंग (पिंजऱ्यात अंथरलेलं गवत, कागद, भुसा) निघतं आणि बहुतेक घरांत ते थेट कचऱ्याच्या गाडीत जातं. ज्यांच्या गॅलरीत किंवा गच्चीवर चार कुंड्या आहेत त्यांनी तरी हे फेकू नये असं मला मनापासून वाटतं. अँडीजच्या डोंगराळ भागात, म्हणजे पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोरकडे, लोक हजारो वर्षं हा प्राणी घरात सांभाळत आलेत (तिकडे तो खातातही) आणि त्याच्या लेंड्या शेतात खत म्हणून घालतात. आपल्याकडे तो फक्त लाडाचा प्राणी, पण खत तेच. फक्त एक आहे, मागून बागेत काय जाणार हे पुढून पिंजऱ्यात काय घातलं त्यावर ठरतं, त्यामुळे सुरुवात पिंजऱ्यापासूनच करू.

आधी प्राणी नीट ठेवा

एकटा गिनीपिग आणू नका, हा कळपातला प्राणी आहे, एकटा राहिला की कोमेजतो. दोन माद्या सगळ्यात सोप्या. दुकानात नर-मादी ओळखण्यात बऱ्याचदा गडबड होते म्हणून घरी आणल्यावर प्राण्यांच्या डॉक्टरांकडून एकदा तपासून घ्या, कारण नराचं पिल्लू तीन-चार आठवड्यांचं झालं की वयात येतं आणि मादी साधारण दोन महिन्यांत विते, म्हणजे बघता बघता घरात टोळी तयार.

जागा दोघांना निदान ४ फूट बाय २ फूट हवी आणि तळ सपाट हवा. जाळीच्या तळाचे पिंजरे मिळतात ते घेऊच नका, पायाच्या तळव्यांना जखमा होतात, त्या चिघळतात आणि बऱ्या व्हायला फार त्रास देतात. सशाबरोबर एकाच पिंजऱ्यात ठेवू नका, सशाला काही न करणारे जंतू गिनीपिगला न्यूमोनिया करू शकतात.

खाण्यात तीन चतुर्थांशाहून जास्त भाग सुकं गवत, कारण दात आयुष्यभर वाढत राहतात आणि चावून चावूनच झिजतात. ऑनलाइन पाकिटातलं टिमोथी गवत चांगलं असतं पण महाग पडतं. तबेल्याजवळ किंवा गोशाळेत सुक्या गवताच्या पेंढ्या मिळतात, त्या हिरवट, गोड वासाच्या आणि बिनबुरशीच्या बघून घ्या, वास कुबट आला तर सोडून द्या. लसूणघासात (अल्फाल्फा) कॅल्शियम जास्त असतं म्हणून तो फक्त पिल्लांना आणि गाभण मादीला, मोठ्यांना रोज दिला तर मूतखडा होऊ शकतो.

आणि व्हिटॅमिन सी. माणसासारखंच गिनीपिगच्या शरीरातही ते तयार होत नाही, १९०७ साली नॉर्वेतल्या होल्स्ट आणि फ्रोलिख या संशोधकांच्या प्रयोगात याच प्राण्याला स्कर्व्ही (व्हिटॅमिन सी कमी पडल्यावर होणारा रोग) झाला तो त्यामुळेच. रोज साधारण १० ते ३० मिलिग्रॅम लागतं, ढोबळी मिरचीच्या दोन-तीन फोडी, थोडी कोथिंबीर, अधूनमधून पेरूची बारीक फोड एवढ्यात भागतं. पाण्यात टाकायचे थेंब विकतात पण पाण्यात हे जीवनसत्त्व लवकर नासतं, त्यापेक्षा भाजी बरी. कांदा, लसूण, बटाटा, चपाती, भात, बिस्किट यातलं काहीही नाही.

उन्हाळ्यात खरी काळजी. गिनीपिगला घाम येत नाही, पारा ३० च्या वर गेला की उष्माघाताची भीती, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये पत्र्याखाली किंवा गच्चीवर पिंजरा ठेवायचाच नाही. घरातली सगळ्यात गार खोली, खाली फरशीचा तुकडा आणि बर्फ केलेली पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून शेजारी. अर्धा-एक दिवस खाल्लं नाही तर उद्या बघू म्हणू नका, लगेच डॉक्टर. आणि घरातलं अॅमॉक्सिसिलिन वगैरे मनाने कधीच देऊ नका, पेनिसिलिनच्या जातीची औषधं तोंडावाटे दिली तर आतड्यातले चांगले जंतू मरतात आणि त्यात गिनीपिग दगावतो.

बेडिंग कुठलं घ्यायचं

लोक सुताराकडून फुकट भुसा आणतात. पूर्वी ठीक होतं, सुतार अख्ख्या लाकडावर काम करायचा. आता बहुतेक काम प्लायवूड आणि एमडीएफवर (लाकडाचा चुरा गोंदाने दाबून केलेली फळी) चालतं, त्या भुशात गोंद असतो, लॅमिनेटचे कण असतात, तो गिनीपिगच्या नाकातही जातो आणि नंतर तुमच्या मेथीच्या कुंडीतही. रंधा मारताना निघणारी कुरळी साल, तीही साध्या, रंग-पॉलिश न लागलेल्या लाकडाची असेल तरच घ्या, बारीक पिठासारखा भुसा तसाही नकोच. देवदारासारखं उग्र वासाचं लाकूड टाळा.

बाग असणाऱ्यांना माझा सल्ला, खाली वर्तमानपत्राचे चार-पाच थर (चकचकीत रंगीत पुरवण्या बाजूला काढून), त्यावर कागदाच्या बारीक पट्ट्या आणि वर भरपूर सुकं गवत. गिनीपिग त्यातलं खातात, त्यात लपतात, त्यावरच घाण करतात, आणि हे सगळं दोन-तीन महिन्यांत कुजतं. रंध्याच्या सालीला सहा महिने किंवा जास्त लागतात. फ्लीसचं (मऊ, धुऊन परत वापरायचं) कापड वापरणाऱ्यांना फक्त लेंड्या मिळतील, तेही वाईट नाही.

शू केलेला कोपरा रोज काढा, बाकी सगळं आठवड्यातून एकदा बदला. तळाला पांढरा कडक थर जमतो तो कॅल्शियमचा, व्हिनेगर टाकून दहा मिनिटांनी घासला की निघतो. हे धुतलेलं पाणी मोरीत ओता, कुंडीत नको.

बागेत कसं वापरायचं

नुसत्या कोरड्या लेंड्या सुपलीने वेगळ्या काढता आल्या तर त्या थेट वापरता येतात, कोंबडीखत मुळं जाळतं तशा त्या जाळत नाहीत. १२ इंची कुंडीला एक मूठ, महिन्यातून एकदा, वरची माती खुरप्याने हलवून त्यात मिसळायच्या. गुलाब, जास्वंद, मोगरा, कढीपत्ता, लिंबू यांना छान. पण कोथिंबीर, पालक, मुळा, जे मातीला टेकतं आणि कच्चं खाल्लं जातं, त्याला ताज्या लेंड्या घालायच्या नाहीत, त्यात साल्मोनेला (पोट बिघडवणारा जंतू) असू शकतो. ताजं खत घातल्यापासून काढणीपर्यंत किमान १२० दिवस जाऊ द्यावेत, किंवा सरळ कंपोस्ट करूनच घाला.

ओलं बेडिंग मात्र कधीच थेट मातीत मिसळायचं नाही. हे नीट समजून घ्या कारण झाडं पिवळी पडण्याचं कारण बहुतेक वेळा लोक पाण्यात शोधतात. लाकडात कर्ब (कार्बन) प्रचंड आणि नत्र (नायट्रोजन) जवळपास नाहीच. कंपोस्टला २५-३० भाग कर्बाला १ भाग नत्र लागतो, भुशात कर्ब ४०० भागांच्या आसपास किंवा वरच. असा भुसा मातीत गाडला की तो कुजवणारे जिवाणू आजूबाजूचा नत्र ओढून घेतात, झाडाला काही उरत नाही, आणि खालची पानं आधी पिवळी पडतात. तोच भुसा मातीवर नुसता पसरला तर एवढा त्रास होत नाही, पण शूचा अमोनिया असतोच, म्हणून आधी कुजवणं बरं.

एक मोठा ड्रम किंवा रंगाची रिकामी, स्वच्छ धुतलेली बादली घ्या, तळाला आणि बाजूंना भोकं पाडा, खाली नारळाच्या शेंड्यांचा थर द्या. मग गवत-कागदाचं बेडिंग एक भाग, भाजीची देठं-सालं एक भाग असे थर द्यायचे, बेडिंग लाकडाचं असेल तर ओला कचरा दुप्पट. वरून जुनं कंपोस्ट मूठभर किंवा आंबट ताक पाण्यात करून शिंपडा. चार-पाच दिवसांनी खालीवर करत राहा. ओल बघायची सोपी पद्धत, मूठभर उचलून घट्ट दाबा, बोटांच्या फटीत एखाद-दुसरा थेंब दिसला की बरोबर, धार लागली तर कोरडे कागद टाका, काहीच नाही आलं आणि मूठ उघडल्यावर सगळं सुटं झालं तर पाणी मारा. नाकात झोंबणारा वास आला म्हणजे नत्र उडून चाललाय, सुका पाला घालून हलवा.

घरच्या छोट्या बादलीत उष्णता फार चढत नाही, त्यामुळे गवताचं बी मरत नाही आणि तयार खत कुंडीत घातल्यावर आठवडाभरात बारीक हिरवी रोपं उगवतात. घाबरू नका, कोवळी असतानाच उपटा. गांडुळांच्या टोपलीत घालायचं असेल तर बेडिंग आधी तीन-चार आठवडे वेगळं कुजवून घ्या, ताज्या शूने गांडुळं पळतात नाहीतर मरतात.

खत झालं की नाही हे बघायला थोडं ओलं खत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर मातीचा वास आला तर तयार, आंबट किंवा अमोनियाचा आला तर अजून थांबा.

काही गोष्टी ड्रममध्ये जायच्या नाहीत. गिनीपिग आजारी असेल, जुलाब असतील, तर ते बेडिंग पिशवीत बांधून कचऱ्यात. खरजेसाठी आयव्हरमेक्टिन दिलं असेल तर पुढचे दोन-तीन आठवडे तसंच करा, ते औषध विष्ठेतून बाहेर पडतं आणि खत करणाऱ्या किड्यांना मारतं. कुत्र्या-मांजरांची घाण यात कधीच मिसळू नका. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, आणि मुलांच्या अंगावर गोल चट्टा दिसला तर गिनीपिगचीही कातडी तपासा, गजकर्ण त्यांच्याकडून माणसाला लागतं.

पावसाळ्यात ड्रमवर झाकण हवंच, आणि सुक्या गवताचं पोतं जमिनीपासून वर, फळीवर ठेवा. वर हात लावला तर कोरडं लागतं पण आत बुरशी धरलेली असते, म्हणून रोज काढताना आतपर्यंत हात घालून बघा.

याच खतावर गिनीपिगसाठी गहू आणि मका पेरता येतो, उथळ ट्रेमध्ये दाट टाकायचा आणि वीतभर झाला की कापायचा. फक्त या ट्रेला पूर्ण तयार झालेलं खतच घाला, ताज्या लेंड्या नाहीत, नाहीतर लेंडीतल्या परजीवींची अंडी चाऱ्यावरून परत त्यांच्याच पोटात जातात. कोवळा चारा पहिल्या दिवशी चिमूटभर आणि हळूहळू वाढवत मूठभरापर्यंत न्या, एकदम भरपूर दिला तर पोट फुगतं.