गावनिहाय बेरीज सूत्राने कशी काढावी

बेळगावच्या एखाद्या अडत दुकानात खानापूर, निपाणी, चिकोडी अशा ठिकाणांहून आलेल्या पोत्यांची नोंद एक्सेलच्या एकाच तक्त्यात होत असेल, 'बी' स्तंभात गाव आणि 'सी' स्तंभात पोती असतील, तर प्रत्येक गावाची बेरीज 'समइफ' (SUMIF) या सूत्राने निघते. 'ई' स्तंभात ई२ पासून प्रत्येक गावाचे नाव एकदाच लिहावे आणि शेजारच्या एफ२ मध्ये पुढील सूत्र द्यावे (संगणकात ते अर्थातच रोमन अक्षरांत टंकावे लागते):

=समइफ($बी$२:$बी$५००,ई२,$सी$२:$सी$५००)

डॉलरचे चिन्ह वगळू नये, कारण सूत्र खाली ओढताना ते नसेल तर मूळ क्षेत्रही एकेक ओळ खाली सरकते आणि वरच्या नोंदी गुपचूप गळतात.

खरी अडचण सूत्रात नसून नावांत असते. आपल्याकडे एक कारकून मराठी वळणाने 'निपाणी' लिहितो, दुसरा कन्नड पावतीवरून 'निप्पाणी' उतरवतो. संगणकाच्या लेखी ही दोन गावे ठरतात. नावाच्या शेवटी राहिलेली मोकळी जागाही तेवढीच घातक असते. ती 'ट्रिम' (TRIM) सूत्राने काढता येते, परंतु लेखनभेदावर नावांची ठरावीक यादी 'डेटा व्हॅलिडेशन'मधून सक्तीची करणे हाच माझ्या मते भरवशाचा उपाय आहे.

पडताळणीसाठी 'एफ' स्तंभाची बेरीज 'सी' स्तंभाच्या एकूण बेरजेशी ताडून पाहावी. फरक आढळल्यास बहुधा एखादे नाव यादीतून सुटलेले असते. मजकूर म्हणून टंकलेले आकडे मात्र दोन्हीकडे वगळले जात असल्याने या पडताळणीत सापडत नाहीत. ते वेगळे तपासावेत.