टर्बोवर भाजून बसलेला कार्बन कसा काढावा

टर्बो, म्हणजे एग्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा भरणारा पंखा, खोलून भाग टेबलावर पसरले की निम्म्या लोकांचा हात आधी वायर ब्रशकडे जातो. तो ब्रश बाजूला ठेवा. कार्बन कितीही चिवट असला तरी दोनदा-तीनदा भिजवला की सुटतो. ब्रशपायी शाफ्टवर, म्हणजे मधल्या फिरत्या दांड्यावर, उठलेला ओरखडा मात्र कशानेच जात नाही.

खोलताना दोनच गोष्टी सांभाळा. नट सोडण्याआधी कम्प्रेसर व्हील (हवा ओढणारं चाक), नट आणि शाफ्टचं टोक यांवर एका रेषेत मार्करने खूण करा. ते सगळं एकत्र बॅलन्स केलेलं असतं आणि छोटा टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे मारतो. दुसरं म्हणजे तो नट पुष्कळदा उलट्या आट्यांचा असतो. जोर लावण्याआधी आटे कुठल्या बाजूला चढतात ते बघून घ्या.

मग भागांचे दोन ढीग करा, अ‍ॅल्युमिनियमचा एक आणि बाकीच्यांचा एक. कॉस्टिक सोडा अ‍ॅल्युमिनियम खातो. बरेच जण ‘हमखास उपाय’ म्हणून जो ओव्हन क्लीनर सुचवतात, त्यातही बहुतेक वेळा कॉस्टिकच असतं. कम्प्रेसर व्हील त्यात बुडवलंत तर फेस येईल, व्हील काळवंडेल आणि पात्यांच्या पातळ कडा कुरतडल्या जातील. शंका असेल तर चुंबक लावा. चिकटला नाही तर कॉस्टिक लावायचं नाही, एवढा नियम पुरे. (एग्झॉस्टने फिरणाऱ्या टर्बाइन व्हीललाही चुंबक चिकटत नाही, कारण ते निकेलच्या मिश्रधातूचं असतं. पण हातात घेतलं की वजनावरून कळतं.) अ‍ॅल्युमिनियमला डिझेल, साबणाचं गरम पाणी आणि नायलॉनचा ब्रश एवढंच लागतं. तिथे तेलाचा चिकटा असतो, भाजलेला कार्बन नसतो.

टर्बाइन हाउसिंग, म्हणजे त्या व्हीलचं कवच, ओतीव लोखंडाचं असेल तर खुशाल ग्लास बीड (हवेच्या झोताने मारायचे काचेचे बारीक मणी) मारा आणि नंतर धुऊन काढा. हलत्या पात्यांचा टर्बो असेल तर ती पाती बसवलेली अख्खी चकती कार्बन रिमूव्हरमध्ये (कार्बन मऊ करणाऱ्या तयार द्रावणात) रात्रभर ठेवा. सकाळी पाती हलवणारी रिंग एका बोटाने पूर्ण फिरली पाहिजे. तिला तेल लावू नका. ते जळून पुन्हा कार्बनच होईल.

आता सेंटर हाउसिंग, म्हणजे शाफ्ट आणि बेअरिंग बसतं तो मधला भाग. खरं काम इथेच आहे, आणि मी पहिल्यांदा आपटलो तोही इथेच.

इंजिन तापलेलं असताना एकदम बंद केलं की तेलाचा प्रवाह थांबतो, पण टर्बाइनच्या बाजूची उष्णता आत झिरपतच राहते. तिथे साचलेलं तेल जागेवर भाजतं. असं शेकडो वेळा झालं की टर्बाइनकडच्या भिंतीमागे, बेअरिंगच्या भोकाच्या पलीकडे, दगडासारखा काळा थर बसतो. वरून हाउसिंग स्वच्छ दिसतं. तेल बाहेर पडायच्या तोंडातून टॉर्च मारून तिरकं बघितलं तरच तो दिसतो, आणि कधी कधी त्याने अर्धी वाट अडवलेली असते. तेलाला खाली उतरायला जागा नाही म्हटल्यावर ते सीलवरून (तेल अडवणाऱ्या रिंगवरून) एग्झॉस्टमध्ये जातं. मग लोक बेअरिंग-सीलचं नवं किट टाकतात, आणि टर्बो पुन्हा धूर ओकतो.

मी काय केलं होतं? भिजवायचा कंटाळा आला म्हणून हाउसिंगला ग्लास बीड मारले. चांदीसारखं चकचकीत निघालं. हवा मारली, पाण्याने धुतलं, पुन्हा हवा मारली, जोडलं. आठवडाभरात शिट्टी वाजायला लागली आणि शाफ्ट हाताला डुगडुगायला लागला. उघडलं तर पितळी रंगाच्या बेअरिंगमध्ये काचेचे बारीक कण रुतलेले होते, नखाला खरखरीत लागत होते. ते तेलाच्या वाटांच्या कोपऱ्यात दडून बसले होते आणि गरम तेलाने एकेक करून बाहेर काढले. काही जण म्हणतात, भोकं बुचं मारून बंद करा आणि मग बीड मारा. ज्यांना करायचं त्यांनी करावं. माझ्याकडे सेंटर हाउसिंग आणि बीडची पेटी यांची गाठ पडत नाही.

टॉर्चने तापवून जाळायचाही नाद नको. एकाच जागी तापलेलं ओतीव तडकतं. शिवाय त्यावर क्लोरीनवाला ब्रेक क्लीनर राहिला असेल तर तापल्यावर त्याचा विषारी वायू होतो.

करायचं ते असं. सर्क्लिप (बेअरिंग अडवून धरणारी कडी) आणि रबरी ओ-रिंग काढून हाउसिंग पूर्ण बुडेल एवढ्या कार्बन रिमूव्हरमध्ये चोवीस तास ठेवा. हातमोजे घाला आणि झाकण लावा. बाहेर काढल्यावर थर तसाच दिसेल. हिरमुसू नका, लाकडी काडी टोचून बघा. वरचा पापुद्रा ओल्या पुठ्ठ्यासारखा सुटेल आणि खाली पुन्हा कडक लागेल. जेवढं सुटतंय तेवढंच काढा आणि पुन्हा बुडवा. मला बहुतेक वेळा तीन फेऱ्या लागतात. स्क्रू ड्रायव्हरने उचकटायचा मोह दुसऱ्या फेरीला होतो. बेअरिंगच्या भोकात लोखंडाचं टोक घालायचं नाही, तिथला हिशोब मिलिमीटरच्या शंभराव्या भागात चालतो.

तेलाच्या बारीक वाटांसाठी तांब्याची बहुतारी वायर घ्या, टोक अर्धा इंच सोलून तारा फिसकारा. झाला ब्रश. लोखंडापेक्षा मऊ असल्याने चरा पडत नाही. आणि हवा उलटी मारा, म्हणजे बेअरिंगच्या भोकाकडून तेल आत येण्याच्या तोंडाकडे. वाट आत जाताना अरुंद होते. सरळ मारलीत तर सुटलेली खपली नेमकी शेवटच्या भोकात जाऊन अडकते. डोळ्यांवर चष्मा हवाच.

झालं असं वाटलं की तेलाच्या तोंडात स्वच्छ डिझेल ओता आणि आतल्या प्रत्येक भोकातून धार येते का बघा. एखादीतून नुसते थेंब पडले तर परत भिजत. शेवटी पांढरं सुती कापड आतून फिरवा. करडा डाग चालेल. काळा कण आला तर काम बाकी आहे.

शाफ्टला एकच अवघड जागा आहे, टर्बाइनकडच्या सील रिंगची खाच. भिजवून झाल्यावर जुनी रिंग मोडून तिच्याच टोकाने हळूच साफ करा. माप आपोआप जुळतं. खाचेच्या कडा गोल करू नका. नवी रिंग खाचेत बोटाने सहज फिरली पाहिजे. बेअरिंग बसतं त्या भागाला फक्त सॉल्व्हंट आणि कापड. नखाला रेघ लागत असेल तर शाफ्ट बदला, घासून काही साधत नाही. टर्बाइन व्हीलवरची काजळी नायलॉनच्या ब्रशने निघते. ते फिरवून वाळवण्यासाठी हवेची गन धरू नका.

तेल येण्याची नळी साफ करू नका, नवी टाका. तिच्या आतही तोच थर असतो आणि तो दिसत नाही. तिच्या टोकाच्या बोल्टला जाळी असेल तर तीही बदला. सिलिकॉनचा मसाला तेलाच्या तोंडाशी अजिबात नको. जोडल्यावर वरून स्वच्छ तेल ओतत व्हील हाताने फिरवत राहा. खालून तेल यायला लागलं की मगच नळ्या घट्ट आवळा.